आले आले, बंदे बंदे

लहानपणी आमच्या घरात जेवणाच्या वेळी एक ठरलेला प्रसंग घडायचा. बाबा पाटावर बसून स्वयंपाकघराकडे बघत विचारायचे, "होतंय ना गं?" आणि आतून दोन उत्तरे एकदम यायची. आज्जी म्हणायची, "आले, आले!" आणि आई म्हणायची, "बंदे, बंदे!" आईचे माहेर गोकाकचे, शाळा कन्नड, त्यामुळे घाईत तिच्या तोंडून कन्नडच निघायचे. प्रत्यक्षात दोघींपैकी कोणीच आलेले नसायचे. आमटीला अजून फोडणीसुद्धा पडलेली नसायची! बाबा मात्र पाटावरून उठत नसत.

पुढे अक्का लग्न होऊन बडोद्याला गेली. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा भावोजींना कोणीतरी खालून हाक मारली आणि ते आतून ओरडले, "आव्यो, आव्यो!" आणि निवांतपणे दाढी करत राहिले. मला हसू आवरेना. मराठीत ‘आलो’, कन्नडमध्ये ‘बंदे’, गुजरातीत ‘आव्यो’. तिन्ही भाषांत क्रियापद भूतकाळी आणि माणूस अजून जागेवरच! जे झाले नाही ते झाले म्हणून सांगायची ही सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की त्यात कोणाला खोटेपणा वाटत नाही. ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ कळतो: तुमची हाक पोहोचली, थोडे थांबा.

वाचकहो, आज हे सारे आठवायचे कारण म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची एक हिरवी पट्टी. मी गेली कित्येक वर्षे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. दुकानांचे हिशेब, पतपेढ्यांची खाती, असले साधे काम. या कामात मी एकदा असेच ‘बंदे, बंदे’ म्हटले आणि त्याची किंमत घरातच मोजावी लागली. ती गोष्ट आज सांगणार आहे.

अक्का राहते हरणीला. बडोद्याच्या ईशान्येला ही वस्ती. शहराचा विमानतळ इथेच आणि भीडभंजन मारुतीचे प्रसिद्ध देऊळही इथेच. शनिवारी अक्काकडे असलो की दर्शन चुकत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दिवशी हे नाव साऱ्या देशाने ऐकले. अक्का अजूनही त्या रस्त्याने जाताना तलावाकडे बघत नाही.

तसे बडोदे आपल्याला परके नाही. गायकवाडांचे राज्य. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवली. आणि आपल्या भागाशी तर बडोद्याचे सुरांचे नाते! अब्दुल करीम खाँसाहेब आधी बडोद्याच्या दरबारात होते, पुढे मिरजेला स्थायिक झाले. कुंदगोळचे सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. खाँसाहेबांची कन्या हिराबाईंनी तर ‘बडोदेकर’ हेच नाव लावले. अक्काचे लग्न ठरले तेव्हा आई काळजीत होती, "इतक्या लांब?" तेव्हा बाबांनी हेच सारे सांगून तिची समजूत घातली होती.

समजूत पटली तरी आईचा जीव काही लांब राहिला नाही. ती अक्काला पत्रे लिहायची. निळी अंतर्देशीय पत्रे, महिन्याला एक तरी. आणि या पत्रांची एक गंमत होती. भाषा मराठी, पण लिपी कन्नड! आईला देवनागरी वाचता यायची, पण हात वळायचा कन्नडलाच. आपल्या सीमाभागात अशा किती तरी आया-आज्ज्या होऊन गेल्या. भावोजी गमतीने म्हणायचे, "सासूबाईंनी कुलूप घालून पत्रं पाठवलीत, किल्ली फक्त हिच्याकडे."

ही सारी पत्रे अक्काने एका पत्र्याच्या ट्रंकेत जपली होती. ट्रंक पलंगाखाली. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरले. अक्काच्या तळमजल्यावरही शिरले. माणसे वर गेली, धान्य वर गेले, देव वर गेले. ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर आतली पत्रे एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. काही दिवसांत त्यावर बुरशी धरली. अक्काने मला फोन केला, पण ती बोलेना. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

त्या दिवाळीत मी हरणीला गेले ती स्कॅनर घेऊनच. पत्रे किंचित ओलसर करायची, बोथट सुरीने हलकेच सोडवायची, उघडली की लगेच स्कॅन करायची. पुन्हा उघडतील याचा भरवसा नव्हता. भावोजी निवृत्त, हाताने सावकाश काम करणारे. त्यांनी ही जबाबदारी आनंदाने घेतली. मी त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. पान ठेवायचे, बटण दाबायचे. पान आत येईल, डाग कमी होतील, क्रमांक पडेल आणि ते डिस्कवर साठेल. भावोजींचे एकच मागणे होते. "मला ती खिडकी सारखी समोर नको. मी बाजूला गाणी लावणार, पेपर वाचणार. काम कुठवर आलं ते मला लांबून दिसलं पाहिजे."

त्यांचे मागणे अगदी रास्त होते, आणि त्याची सोय विंडोजमध्ये आहे. पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते, जिच्यावर चालू असलेल्या प्रोग्रॅमची बटणे असतात, तिला टास्कबार म्हणतात. ती आली २४ ऑगस्ट १९९५ ला, विंडोज ९५ बरोबर. पण त्या बटणाला तेव्हा फक्त नाव आणि चित्र. खिडकी खाली दडवली की आत काय चालले आहे, ते कळायला मार्ग नाही. २२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज ७ आले आणि ते बटण बोलके झाले. काम जसजसे पुढे जाते तसतसा बटणात हिरवा रंग डावीकडून उजवीकडे भरत जातो. तुम्ही मोठी फाइल उतरवून घेताना हे पाहिले असेल.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यासाठी फार काही करावे लागत नाही. दोनच गोष्टी सांगायच्या. एक, कामाची अवस्था काय आहे. दोन, एकूण किती आणि त्यातले झाले किती. अवस्था पाच. काहीच चालू नाही. चालू आहे, पण किती राहिले ते ठाऊक नाही. यात पट्टी भरत नाही, नुसती हिरवी लहर फिरत राहते. नीट चालू आहे, हा हिरवा. थांबवून ठेवले आहे, हा पिवळा. आणि काहीतरी बिघडले आहे, हा लाल. मी म्हणते, घरातल्या माणसांनाही अशी एक पट्टी असती तर संसार किती सोपे झाले असते!

दोन खाचखळगे मात्र आहेत. पहिला म्हणजे घाई. प्रोग्रॅम सुरू होताच रंग भरायला गेलात तर काहीच दिसत नाही, कारण टास्कबारवरचे बटणच अजून तयार झालेले नसते. ते तयार झाले की विंडोज तसा निरोप पाठवते. तो येईपर्यंत थांबायचे. पान मांडण्याआधीच वाढायला घेतले तर भात जमिनीवर पडणार! दुसरा खळगा म्हणजे सगळे काम एकाच हाताने करणे. स्वयंपाक करणारी आणि दार उघडणारी बाई एकच असली आणि तिचे हात कणकेत असले, तर दारावरच्या पाहुण्याला वाटते की घरात कोणी नाही. प्रोग्रॅमचेही तसेच. खिडकी सांभाळणारा धागा जर स्कॅनिंगमध्ये अडकला आणि पाच सेकंद विंडोजच्या हाकेला ओ दिली नाही, तर विंडोज त्या खिडकीवर ‘प्रतिसाद नाही’ अशी पाटी लावते. माणूस घाबरून ती बंद करतो. म्हणून जड काम वेगळ्या धाग्यावर आणि खिडकी मोकळी, अशी विभागणी करायची. हे दोन्ही मी नीट केले होते.

पहिली फजिती झाली ती दुसऱ्याच बाबतीत. टास्कबारच्या बटणावर माऊस नेला की त्या खिडकीचे छोटे चित्र वर येते, हे तुम्ही पाहिले असेल. ही करामत विंडोज व्हिस्टापासूनची, म्हणजे २००७ सालची. त्याआधी सगळ्या खिडक्या जणू एकाच पाटीवर रंगवल्या जात. वरची खिडकी खालचीला पुसून टाकी. व्हिस्टापासून प्रत्येक खिडकी आधी आपापल्या वेगळ्या कागदावर रंगते आणि मग ते कागद एकावर एक मांडून पडदा तयार होतो. त्यामुळे झाकलेल्या खिडकीचेही छोटे, जिवंत चित्र दाखवता येते. विंडोज ७ ने आणखी पुढची सोय केली. त्या छोट्या चित्रावर माऊस थांबवला, तर अख्खी खिडकीच क्षणभर पूर्ण आकारात डोकावून जाते.

अक्काची सून धारवाडची. कन्नड झरझर वाचते. ती संध्याकाळी रेल्वेची तिकिटे काढायला संगणकावर बसली. भावोजींचा प्रोग्रॅम खाली दडलेला, पण चालू. तिचा माऊस चुकून त्या बटणावर थांबला, मग वरच्या चित्रावर, आणि आईचे एक पत्र अख्ख्या पडद्यावर उभे राहिले. बोट काढेपर्यंत तिने चार ओळी वाचल्या होत्या. अक्का नवी नवरी असताना तिच्या सासूशी खटके उडायचे, त्या दिवसांतले ते पत्र. सून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, अत्तेंना तेव्हा फार त्रास झाला का हो?"

मी काय सांगणार! अक्काला कळले तेव्हा ती लाजली, मग चिडली, ती माझ्यावर. "तुला सांगितलं होतं का मी, सगळ्यांना दाखव म्हणून?" तिचे बरोबरच होते. खिडकी मिटली म्हणजे ती कोणाला दिसत नाही, असे मी गृहीत धरले होते. ज्याच्या हातात दुसऱ्याची पत्रे आहेत त्याने असे गृहीत धरू नये.

यालाही उपाय असतो. प्रोग्रॅम विंडोजला सांगू शकतो की माझे जिवंत चित्र घेऊ नकोस, मी देतो तेच चित्र दाखव. माऊस थांबला तरी अख्खी खिडकी डोकावू द्यायची नाही, हेही सांगता येते. मग मी त्या रात्री बसून तसा बदल केला. छोट्या चित्रात आता फक्त मोठ्या अक्षरांत पानाचा क्रमांक. भावोजींचा मोतीबिंदू लक्षात घेऊन अक्षरे चांगली ठळक. त्या चित्राच्या खाली सात बटणांपर्यंत बसवता येतात. मी दोनच बसवली, ‘थांबा’ आणि ‘पुढे’. ही बटणे एकदाच मांडायची असतात. नंतर एखादे लपवता येते, पण खिडकी उघडी असेतो नवे वाढवता येत नाही. तेव्हा आधीच विचार करून मांडावी.

दोन दिवस अक्का सुनेशी जेवढ्यास तेवढे बोलत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर दोघी झोपाळ्यावर बसल्या होत्या, मांडीवर पत्रे, आणि सून वाचून दाखवत होती. अक्काचे डोळेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. "चुकून वाचलंयसच, तर आता बाकीचीही तूच वाच," असे ती म्हणाली म्हणे. त्यावर मी काही बोलले नाही. माझ्या चुकीचे श्रेय मी घेणे बरे दिसले नसते.

मी बेळगावला परतले. भावोजी रोज थोडी थोडी पाने करत होते. शेवटच्या दिवशी ११८ पाने राहिली होती. ती त्यांनी एका बैठकीत केली. पट्टी पूर्ण हिरवी झाली. ११८ पैकी ११८. भावोजी अक्काला म्हणाले, "थई गयुं!" संगणक बंद केला, किंचित ओलसर पत्रे गोळा करून सुतळीने बांधली आणि पुन्हा ट्रंकेत ठेवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. "अगं, शेवटची ४१ पानं सापडत नाहीत. तुझं ते हिरवं तर पूर्ण झालं होतं ना?"

माझ्या पोटात गोळा आला. चूक कुठे झाली ते मला फोनवरच कळले. पान स्कॅनरमधून आत आले की मी आकडा एकाने वाढवत होते. पण पान आत येणे आणि डिस्कवर लिहिले जाणे यात अंतर होते. डाग काढायला, साठवायला प्रत्येक पानाला वेळ लागत होता. ती पाने आत रांगेत उभी राहत. भावोजी रोज पाच-दहा पाने करत तेव्हा रांग लगेच संपे, म्हणून चूक कधी दिसली नाही. त्या दिवशी ११८ पाने एकापाठोपाठ आली, पट्टी भरली, आणि ४१ पाने अजून रांगेतच होती. संगणक बंद झाला तशी ती हवेत विरून गेली. माझा प्रोग्रॅम स्वयंपाकघरातून ओरडत होता, "बंदे, बंदे!" आणि अजून फोडणीसुद्धा पडली नव्हती.

भावोजींनी ट्रंक उघडली. ओलसर बांधलेली पत्रे पुन्हा एकमेकांना चिकटली होती. हिरवे पाहिले नसते तर त्यांनी ती वाळवून, मध्ये कागद घालून ठेवली असती. ती पुन्हा सोडवायला पाच दिवस लागले. ४१ पैकी ३५ पाने मिळाली. ६ पानांचा लगदा झाला.

भावोजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणाले, "माझंच चुकलं, घाई केली." त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांनी माझ्या पट्टीवर विश्वास ठेवला होता.

मग मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता आकडा वाढतो तो पान डिस्कवर लिहून, पुन्हा उघडून, ते नीट वाचता येते याची खात्री झाल्यावरच. पट्टी पूर्वीपेक्षा सावकाश सरकते. लिहिताना काही बिघडले तर लाल होते आणि तिथेच थांबते. मुकाट्याने पुढच्या पानाकडे वळत नाही. स्कॅनरची वाट पाहताना किती वेळ लागेल ते आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा नुसती लहर फिरते, खोटा आकडा नाही. आणि काम अर्धवट असताना कोणी संगणक बंद करू लागला, तर प्रोग्रॅम विंडोजला कारण सांगून अडवतो: ‘अजून पाने लिहायची आहेत, थांबा.’ ही सोयसुद्धा व्हिस्टापासून आहे. मी ती वापरली नव्हती, इतकेच.

या पट्टीचा अभ्यास पूर्वीपासून झालेला आहे. ब्रॅड मायर्स या संशोधकाने १९८५ मध्ये एक निबंध सादर केला. किती टक्के काम झाले हे दिसत असले तर माणसाला संगणकावर काम करणे आवडते, असे त्यात त्यांनी प्रयोगाने दाखवले. काम तेवढ्याच वेळात होते, पण माणूस शांत असतो. पुढे २००७ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चालींच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. सगळ्यांना वेळ सारखाच लागत होता. तरी जी पट्टी शेवटाकडे वेग घेते ती लोकांना लवकर संपल्यासारखी वाटली, आणि जी शेवटाशी येऊन अडखळते ती फार लांबल्यासारखी वाटली. म्हणजे आपण ९९ टक्क्यांवर चरफडतो ते काही उगीच नाही! पण या अभ्यासाचा उपयोग दोन्हीकडून करता येतो. शेवटची जड कामे आधी उरकून पट्टी खरोखर सुरळीत करता येते, आणि नुसती चाल बदलून माणसाला भुलवताही येते. आता कोणती पट्टी कसली आहे, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

खरे तर आपल्या पूर्वजांकडे ही पट्टी होतीच. लग्नातले घटिकापात्र आठवा. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक पाडलेली वाटी सोडायची. भोकातून पाणी आत येते, वाटी हळूहळू खाली जाते आणि बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटे. कन्नडमध्ये तिलाच ‘गळिगे बट्टलु’ म्हणतात. मुहूर्ताची वाट पाहणाऱ्या साऱ्या मांडवाला एका नजरेत दिसायचे, किती झाले, किती राहिले. त्या वाटीला खोटे बोलता येत नव्हते. भोक जेवढे तेवढेच पाणी.

आणि आपल्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली दुसरी पट्टी म्हणजे तबल्याचा ठेका. विलंबित एकतालाचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. बारा मात्रा, पण श्रोते कंटाळत नाहीत, कारण ठेका सांगत असतो, आता इथे आलो, आता एवढे उरले. म्हणून समेवर साऱ्या सभेची मान एकदम डोलते. सुरुवातीच्या आलापीत ठेका नसतो, तिथे किती वेळ ते कोणी विचारत नाही. चालू आहे एवढे पुरते. पण ठेका सुरू असताना तबलजीने मात्रा खाल्ली तर? खाँसाहेबांच्या मिरजेत ते खपले नसते!

असो. त्या ६ पानांबद्दल सांगायचे राहिलेच. त्यांतले एक पत्र अक्काला पहिली मुलगी झाली तेव्हाचे होते. मागच्या महिन्यात मी अक्काला फोन केला आणि म्हटले, "तुला त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं सांग, मी लिहून घेते." ती म्हणाली, "वेडी आहेस का? चाळीस वर्षं झाली." पण सांगू लागली. बाळाला न्हाऊ घालताना पाणी किती कोमट हवे, डिंकाचे लाडू कोणाबरोबर पाठवले, बाबांनी नात झाल्याचे कळताच अख्ख्या गल्लीत पेढे कसे वाटले. आठ-दहा ओळी झाल्यावर ती थांबली.

"पुढं?" मी विचारले.

"तडी गं," ती म्हणाली. आईचाच शब्द, आईच्याच स्वरात. थांब जरा.

मी थांबले. फोनवर झोपाळ्याची कुरकुर ऐकू येत होती. समोर पडद्यावर कोणतीच पट्टी नव्हती. किती राहिले आहे, आहे की संपले, काहीच कळायला मार्ग नव्हता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आज एवढंच. उरलेलं येईल तेव्हा सांगते. झालं म्हणून नको लिहूस."

मी तसेच लिहून ठेवले आहे. त्या कागदावर वर पत्राचा क्रमांक आहे, खाली दहा ओळी आहेत, आणि शेवटी कंसात ‘अपूर्ण’.